दोन चाकांपुरतं

रिव्हर्टनच्या टोकाला, जिथे रस्ता संपून मेंढ्या सुरू होतात,
निकोराची पत्र्याची शेड.
अकरा वर्षं तिथे एक गाडी होतेय.
होतेय म्हणजे नळ्यांचा सांगाडा, दोन खुर्च्या
आणि गुडघ्याच्या उंचीवर एक स्टीअरिंग,
ज्याला धरून तो कधीकधी नुसता बसतो.

गिअरबॉक्स मिळाला एका सुबारूतून.
शेतावरची गाडी, बर्फात घसरून खांबावर गेलेली;
डिकीत गवताचं बी, लोकरीचे झुपके,
आणि पोटात चार चाकांना वाटून द्यायची सवय.
आम्हाला दोनच हवी होती, मागची.
इंजिन पाठीशी, त्याच्यामागे गिअरबॉक्स:
त्या गाडीचा पुढचा आस
या गाडीत मागचा.

मी रेविन. मांसाच्या कारखान्यात एकतीस वर्षं लेथवर.
कारखाना बंद झाला तेव्हा सगळ्यांना घड्याळ दिलं,
मी म्हटलं घड्याळ राहू दे, लेथ द्या.

निकोरा म्हणाला, शेपूट काढू, झाकण ठोकू, झालं.
मी म्हटलं, झालं.
दोघांचं मिळून वय एकशे एकतीस,
आणि दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मी झाकण केलं. ॲल्युमिनियम, दहा मिलिमीटर,
गिअरच्या दांड्यापुरतं एक भोक.
शनिवारी गाडी जॅकवरून उतरली.
निकोरानं पहिला टाकला, क्लच सोडला.
इंजिन चढलं. गाडी तिथेच.
दुसरा टाकला. तिसरा.
दारातला कुत्रा उठला,
बघून पुन्हा बसला.

मेरेआना, त्याची नात, पंधराची,
चीज रोल तोंडात धरून गाडीखाली सरपटली.
झाकणावर तळहात टेकवून म्हणाली,
"इथे आत कोणीतरी धावतंय."

मग सगळं परत बाकावर.
मधला डिफरन्शियल तिनं हातात घेतला.
एक बाजू मुठीत धरली, दुसरी भिंगरीसारखी फिरली.
ती धरली, तर ही फिरली.
"ज्याला कोणी धरलेलं नाही
त्यालाच सगळं मिळतं," ती म्हणाली.
मला आमचे मॅनेजर आठवले.

खरंच, पाण्यासारखं ते. उतार शोधतं.
चाकांवर अख्ख्या गाडीचं ओझं,
आणि कापलेल्या शेपटाच्या दातांवर काहीच नाही.
तर जोर तिकडे गेला, अंधारात,
झाकणामागे, मजेत.

चार दिवस लागले. त्याच डिफरन्शियलचं पोट कापून
मी दाते सोडवले, आतले आणि बाहेरचे,
आणि पोलादाच्या एका नळीत बसवून वितळवले एकजीव.
पहिला तुकडा चार शतांश मिलिमीटरनं घट्ट निघाला.
दुसरा वेल्डिंगच्या उष्णतेनं वाकला.
तिसरा वेळी मी रेडिओ बंद केला.
तुकडा आत गेला तो आवाजही न करता,
जसा थंडीत पाय मोज्यात जातो.
आता वाटणी नाही. एक फिरला की दुसरा फिरलाच.

निकोरा काही बोलला नाही.
तेल ओतलं, पुन्हा मोजलं, फडक्यानं हात पुसत राहिला
हात स्वच्छ झाल्यावरही.

क्लच सोडला तेव्हा गाडी एवढ्या जोरात सुटली
की शेडच्या दाराची एक फळी गेली.
मेरेआना ओरडली, कुत्रा या वेळी पळाला.
कोलॅक बेच्या रस्त्यावर ती लाल ठिपका होईपर्यंत दिसली,
मग वारा, समुद्रावरून येणारा, आवाज घेऊन गेला.

वीस मिनिटांनी निकोरा परतला. चालत.
पेट्रोल भरायचं राहिलं होतं.
अकरा वर्षांत ते कोणी यादीत लिहिलंच नव्हतं.

शेपटाचं ते कवच मी घरी नेलं, शाफ्टसकट.
इकडे वारा फार.
दार आपटू नये म्हणून ते उंबऱ्याशी ठेवलंय,
आणि येता-जाता पायाच्या अंगठ्यानं
मी शाफ्ट फिरवते.
अजून किती हलका फिरतो.